लाल रफूची चांदणी

आल्दाई बेटावर एदुलिया कोलिवोरोच्या घरची अंडी कुठेही ओळखू यायची. प्रत्येक अंड्यावर कोळशाची एक बारीक रेघ असायची. कोंबडी ओरडली की बाई पाच मिनिटांत खुराड्यापाशी हजर. आधी रेघ, मग अंडं उचलायचं. शेजारीण रोसाल्बा इथली ताजी अंडी नेऊन त्यांच्या जागी शिळी ठेवते, असा तिचा वीस वर्षांचा संशय होता. रोसाल्बाच्या स्वतःच्या चाळीस कोंबड्या होत्या, पण ते एदुलियाला सांगून उपयोग नव्हता. "चाळीस असून तिची नजर माझ्या नऊवरच का?" असं ती विचारायची.

तिच्या संशयातून कुणी सुटत नसे. रेडिओवर हवामान सांगणारा माणूस बोटमालकांना मिळालेला आहे. वर्षातून दोनदा लाँचने येणारा पाद्री अर्धी प्रार्थना गाळतो. दवाखान्यातली नर्स सगळ्या दुखण्यांना एकच गोळी देते, फक्त रंग बदलून. लोक हसायचे, पण घरी गेल्यावर आपापली गोळी एकदा उजेडात धरून बघायचे. खोटं कशाला बोला, दहातली एखादी शंका तिची खरी निघायची, आणि त्या एकीच्या जिवावर उरलेल्या नऊ ताठ मानेने हिंडायच्या.

नवरा बेलार्मिनो बार्रिया मात्र सुटला होता. प्रेमापोटी नव्हे. संशय घ्यायला समोरच्याच्या डोक्यात काहीतरी शिजावं लागतं, आणि याच्या डोक्यात बटाट्यांपलीकडे काही शिजत नाही, असं तिचं ठाम मत. शिवाय त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला मागणी घालायचं ठरवल्यावर त्याने ते आधी अख्ख्या धक्क्याला सांगितलं होतं आणि मग तिला. अशा माणसावर लक्ष ठेवणं म्हणजे रिकाम्या गोठ्याला कुलूप.

अडीच वर्षांपूर्वी, इकडच्या ऐन हिवाळ्यात, म्हणजे जुलैत, त्यांचा एकुलता एक मुलगा निबाल्दो शिंपल्यांच्या बोटीवर गेला तो परत आला नाही. बोटीवर तिघे होते. दोघे आठवड्याभरात किनाऱ्याला लागले. निबाल्दो लागला नाही. बायका शाली डोक्यावर घेऊन रडायला लागल्या, तेव्हा एदुलियाने धक्क्यावर उभं राहून सगळ्यांना ठणकावलं. "सापडला नाही म्हणजे मेला नाही. माझ्या पोराला मेलेला म्हणेल त्याने माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. घरचा असला तरी!"

तेव्हापासून कुणी म्हणालं नाही. तिचं म्हणणं असं की पोरगा पलीकडे अर्जेंटिनात, मेंढ्यांच्या मळ्यावर असणार. चिलोएच्या बेटांवरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जातात आणि वर्षानुवर्षं चिठ्ठी धाडत नाहीत. तिचा सख्खा काका अकरा वर्षांनी सोन्याचा दात लावून परत आला होता. निबाल्दोही एखाद्या बाईच्या नादी लागून तिकडेच राहिला आहे, आणि ते कुणाला तरी ठाऊक आहे, आणि तो कुणीतरी मुद्दाम लपवतो आहे. दुसऱ्याला संशयाने झोप लागत नाही. ही बाई त्याच्या आधाराने रोज सकाळी उठून चूल पेटवत होती. चर्चमध्ये नाताळच्या प्रार्थनेला बेटावरच्या मेलेल्यांची नावं वाचतात. त्या यादीत निबाल्दोचं नाव तिने घालू दिलं नव्हतं.

आता त्या नाताळच्या झाडाचं. आल्दाईच्या लाकडी चर्चमध्ये झाडाला काचेचे गोळे लावत नाहीत. दमट हवेत त्यांच्यावर बुरशी चढते. इथे जुन्या स्वेटरांच्या चांदण्या, मासे आणि होड्या लावतात. डिसेंबर लागला की चर्चच्या पडवीत एक पोतं ठेवलं जातं. प्रत्येक घराने एक विटका स्वेटर त्यात टाकायचा, कुणी बघत नसताना, आणि तो कुणाचा हे विचारायचं नाही. ज्याच्या घरात नव्या स्वेटरापुरती लोकर नाही त्याला आपलं फाटकं चारचौघांत धरावं लागू नये, म्हणून हा नियम. आणि टाकण्याआधी तीन पाण्यांतून काढायचा, हाही एक नियम. अंगातला घाम कपड्यात राहिला आणि तो कपडा भलत्या हाती पडला, तर करणी होते. हे मोठ्याने कुणी बोलत नाही, पण तीनदा धुतल्यावाचून टाकतही नाही.

पोतं भरलं की स्वेटर साबणाच्या उकळत्या पाण्यात घालून चोळायचे. लोकर आकसते, जाड होते, टाके एकमेकांत मुरतात, मग कुठेही कापलं तरी उसवत नाही. कात्रीने आकार कापायचे, दोन तुकड्यांमध्ये मेंढीची लोकर भरायची आणि कडेने शिवायचं. अठरा वर्षं हे काम एदुलियाकडे होतं. निबाल्दो गेल्यावर तिने सोडलं, आणि ते मिर्ताकडे गेलं.

मिर्ता म्हणजे चर्चचं सगळं बघणाऱ्या म्हाताऱ्या आब्दोनची सून. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या बेटावरून लग्न होऊन आलेली. डाव्या हाताने कात्री चालवायची, काम करताना गुणगुणायची, आणि चर्चचं काळं मांजर तिच्या पायात घोटाळायचं. एदुलियाला एवढं पुष्कळ होतं. मिर्ता समोरून येताना दिसली की ती तोंडातल्या तोंडात म्हणायची, "आज मंगळवार, उद्या मंगळवार, सगळा आठवडा मंगळवार." चेटकिणीची नजर लागू नये म्हणून इकडे असंच म्हणतात. एकदा मिर्ताने ते ऐकलं आणि मोठ्या बाईला देतात तो 'दोन्या'चा मान देऊन नम्रपणे म्हणाली, "आज गुरुवार आहे, दोन्या एदुलिया."

त्या वर्षी बावीस डिसेंबरच्या दुपारी एदुलिया चर्चमध्ये गेली ती चुका काढायलाच. मिर्ताने मुलाखतीला बसवल्यासारख्या सगळ्या वस्तू बाकावर ओळीने मांडल्या होत्या. एदुलियाने एक मासा उचलला.

"याची शेपटी कुणी खाल्ली?"

"छोटाच तुकडा उरला होता."

"आमच्या वेळी छोट्या तुकड्याचा छोटा मासा व्हायचा. शेपटीसकट."

मिर्ता नुसती हसली. न बोलणारी माणसं एदुलियाला अधिकच खटकायची. ती पुढे सरकली, आणि चौथ्या की पाचव्या चांदणीपाशी तिचा हात थांबला.

करडी चांदणी होती. बरोबर मध्यभागी एक लाल ठिपका होता, अंगठ्याएवढा. ठिपका म्हणजे रफू होता. उभे आडवे धागे, एकाआड एक, आणि एका कोपऱ्यात दोन धागे चुकून शेजारी शेजारी गेलेले. लोकर आकसून टाके मुरले होते, तरी ती चूक तशीच होती. ती चूक तिची होती. निबाल्दोच्या स्वेटराचं कोपर चुलीला लागून जळलं होतं, आणि तिने आपल्या लाल शालीची किनार उसवून ते रफू केलं होतं. घाईत, कारण तो दारात उभा राहून "आई, बोट सुटेल" म्हणत होता.

तो त्या दिवशी तोच स्वेटर घालून गेला होता.

एदुलियाने रफूवरून अंगठा फिरवला. "ही कुठून आणलीस?" तिने विचारलं, आणि आपला आवाज साधा यावा म्हणून तिने घसा खाकरला.

"पोत्यातून. सगळं पोत्यातूनच येतं ना."

"कुणी टाकला?"

"ते विचारायचं नसतं, दोन्या एदुलिया. नियम तुम्हीच घातलाय, असं सासरे सांगतात."

"नियम मला शिकवू नकोस. याचा बाकीचा भाग कुठे आहे?"

"पाठीच्या भागाच्या होड्या केल्या. वर टांगल्यासुद्धा." मिर्ताने चांदणीकडे बघितलं. "लाल कापवेना. म्हणून मध्ये घेतलं."

मिर्ता दोरा आणायला आत वळली तेवढ्यात एदुलियाने चांदणी उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. जन्मात पहिल्यांदा तिने चोरी केली, आणि तीही चर्चमध्ये. पण त्या क्षणी तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात दोन वाटा फुटल्या होत्या. पहिली अशी: अंगावरचा स्वेटर बेटावर आला म्हणजे अंगही आलं. निबाल्दो परत आला आहे, कुणाच्या तरी घरात आहे, आणि आईला तोंड दाखवायला लाजतो आहे. या विचाराने तिने वाटेतल्या प्रत्येक घराच्या खिडकीत डोकावून बघितलं. दुसरी वाट अशी: ती डावरी बया चेटकीण आहे. तिनेच पोराला कुठेतरी बांधून ठेवलं आहे आणि त्याच्या कपड्याचे तुकडे करून त्याला टप्प्याटप्प्याने विसरायला लावते आहे. दोन्ही वाटांवर मिर्ता उभी होती, आणि दोन्ही वाटांवर मुलगा जिवंत होता. एदुलियाला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी तिने मिर्ताला माते प्यायला बोलावलं. माते म्हणजे नळीने ओढून प्यायचा कडू पानांचा चहा. तीन वर्षांत पहिल्यांदा. रोसाल्बाने ते कुंपणावरून ऐकलं आणि म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला गं बाई?" एदुलियाने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

चेटकीण ओळखायची खूण बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. खुर्चीखाली कात्री उघडून क्रुसासारखी ठेवायची. साधं माणूस बसेल आणि उठेल. चेटकीण बसली तर तिला उठता येत नाही. एदुलियाने चुलीजवळच्या खुर्चीवर मेंढीचं कातडं असं पसरलं की त्याची झालर खाली लोंबेल, आणि त्या झालरीआड जमिनीवर आपली मोठी कात्री उघडून ठेवली. मग चुलीवर पाणी ठेवलं, ताटलीत मिल्काव, म्हणजे बटाट्याच्या गरम भाकऱ्या, ठेवल्या आणि वाट बघत बसली.

मिर्ता आली. आल्याआल्या तिने आणलेली मधाची बाटली पुढे केली. एदुलियाने ती उजेडात धरून बघितली आणि खिडकीत ठेवली. "बैस. तिथे नको, चुलीजवळ बैस."

मिर्ता बसली. एदुलियाने माते भरलं, नळी तिच्याकडे केली आणि तिच्या गुडघ्यांवर नजर रोवली. मिर्ताने एक माते संपवलं. "छान आहे," ती म्हणाली. एदुलिया मनात म्हणाली, आता कळेल.

तेवढ्यात दार उघडून बेलार्मिनो आत आला. बटाट्याच्या वाफ्यांतून आला होता, पावसाने भिजला होता, गुडघे धरून चालत होता. मिर्ता टुणकन उठली. "बसा काका, तुम्ही इथे बसा, मी बाकावर बसते."

उठली! एदुलिया क्षणभर खट्टू झाली. मग तिला वाटलं, कात्रीच नीट उघडली नसेल. आधीच ती सैल झाली होती. बेलार्मिनो "असू दे गं पोरी" म्हणत म्हणत खुर्चीत टेकला आणि त्याने चुलीकडे हात पसरले. एदुलियाने त्यालाही माते भरून दिलं.

निदान पहिल्या वाटेने तरी जाऊन बघू, म्हणून एदुलियाने खिशातून चांदणी काढली आणि टेबलावर ठेवली. "हिचा मालक कोण, ते मला आज कळायला हवं."

मिर्ताचे कान लाल झाले. "ती मी कालपासून शोधतेय. सांगितलं असतंत तर दिली असती."

"मालक विचारला मी."

"देवाशपथ मला माहीत नाही. पोत्यात अगदी तळाशी होता. घडी घातलेला. बाकीचे लोक कोंबतात, हा मात्र घडी घालून होता."

बेलार्मिनो चांदणीकडे बघत होता. त्याच्या हातातलं माते तसंच राहिलं होतं. मिर्ताने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा एदुलियाकडे बघितलं, आणि शाल घेतली. "मी निघते. झाडाचं काम राहिलंय."

"बेलार्मिनो, ऊठ. फाटकापर्यंत सोड तिला, रोसाल्बाचा कुत्रा मोकळा आहे."

तो उठला नाही.

"ऊठ म्हणते ना!"

"उठवत नाही गं, म्हातारे."

मिर्ता एकटीच गेली. एदुलिया मात्र आहे तिथेच उभी राहिली. ती खुर्ची, ती कात्री, आणि वर तिचा नवरा, जो हाताचा जोर लावूनही उठत नव्हता. चाळीस वर्षं! ज्याच्या ताटात आपण चाळीस वर्षं बटाटे वाढले, त्याच्यावरच लक्ष ठेवायचं राहून गेलं. "तू?" ती पुटपुटली. "तू कोण आहेस?"

"स्वेटर मी टाकला," बेलार्मिनो म्हणाला.

चेटकाची भीती तिच्या मनातून निघून गेली, कारण याहून मोठं काहीतरी आत आलं होतं. "तुझ्याकडे कुठून आला? कुठे आहे तो? तुला भेटला? अरे, बोल ना, माझ्यापासून काय लपवतोस, मी रागावणार नाही त्याला!"

"त्याच वर्षी. ऑक्टोबरात. शिंपले वाढवायला पाण्यात सोडलेल्या आपल्याच दोराला अडकला होता."

"स्वेटर?"

"हो."

एदुलियाचं डोकं चालायला लागलं. कधी नव्हे इतकं भराभर चाललं. "म्हणजे त्याने तो काढला. काढला, कारण ओला स्वेटर पोहू देत नाही. लहानपणी तूच त्याला शिकवलंस, पाण्यात पडलास तर आधी लोकर उतरव. उतरवला, आणि पोहत गेला. मी सांगत होते ना सगळ्यांना? मी धक्क्यावर उभी राहून सांगत होते! तो पलीकडे..."

"रिकामा नव्हता, एदुलिया."

चुलीवरची किटली वाजत होती. ती उतरवायला कुणी हललं नाही.

"मी आणि आब्दोनने त्याला ठेवला," बेलार्मिनो सांगत राहिला. आता सुरू झाला तो थांबेना. "चर्चमागे, माझ्या आईशेजारी. वर नाव घातलं नाही, तुझ्या नजरेला पडेल म्हणून. तू म्हणाली होतीस, घरचा असला तरी दारात पाय ठेवायचा नाही. मी कुठे गेलो असतो? आणि तू सकाळी उठून चूल पेटवत होतीस. मला वाटलं, पेटवू दे."

"आणि स्वेटर?"

"तुझ्या हातचा होता. मातीत घालवेना. मी तीन पाण्यांतून काढला. शेडमध्ये जाळ्यांखाली ठेवला होता. दोन नाताळ हिंमत झाली नाही."

"यंदा कशी झाली?"

"तू यादीत नाव घालू देत नाहीस. मला वाटलं, चांदणीला कोण नाव विचारतं? एका प्रार्थनेला तरी तो आत असेल." त्याने नाक पुसलं. "आकसल्यावर तुला ओळखू येणार नाही असं वाटलं."

"मला?" एदुलिया किंचाळली. "मला ओळखू येणार नाही?" आणि ती त्याच्या अंगावर धावली. दोन्ही मुठींनी तिने त्याच्या खांद्यावर, छातीवर, मिळेल तिथे मारलं. तो बसून राहिला. मारता मारता तिच्या तोंडून आवाज फुटला, आणि अडीच वर्षांपूर्वी धक्क्यावर तिने जो आवाज सगळ्या बायकांना करू दिला नव्हता तोच तो होता. रोसाल्बा कुंपणापर्यंत धावत आली आणि आत न येता तिथेच उभी राहून रडायला लागली. या घरात काय झालं असेल हे तिला कुणी सांगायला नको होतं. निबाल्दो गेला हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. संशय तेवढा एकट्या एदुलियाला होता.

डिसेंबर म्हणजे इकडे उन्हाळा, संध्याकाळचे आठ वाजले तरी उजेड होता. पाऊस थांबल्यावर दोघे चर्चमागे जाऊन आले. तिथे ती किती वेळ उभी होती आणि काय बोलली, ते बेलार्मिनोने कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्या माणसाने हेही पोटात ठेवलं. तिथून ते आब्दोनकडे गेले.

आब्दोन पडवीत उद्याची यादी लिहीत बसला होता. एदुलियाला बघून तो उभा राहिला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा खाली बसला. दारामागे मिर्ता होती. एदुलियाने चांदणी तिच्या हातात दिली. "वरच्या फांदीला लाव. सगळ्यांत वर." मग ती आब्दोनकडे वळली. "लिही."

"पूर्ण नाव सांग," आब्दोन म्हणाला. त्याला पूर्ण नाव माहीत होतं. बाळ अशक्त जन्मलं तेव्हा पाद्री येईपर्यंत थांबायला नको म्हणून बाप्तिस्म्याचं पाणी त्यानेच घातलं होतं. पण यादीतलं नाव घरच्यांनी आपल्या तोंडाने सांगायचं असतं.

"निबाल्दो सेगुंदो बार्रिया कोलिवोरो."

म्हाताऱ्याची पेन्सिल हळूहळू चालली. "वय?"

"एकोणतीस," ती लगेच म्हणाली. यंदाच्या मार्चमध्ये पूर्ण झाली होती.

पेन्सिल कागदावर टेकली नाही. आब्दोन खाली बघत थांबून राहिला. बेलार्मिनोने टोपी काढून हातात घेतली.

"नाही," एदुलिया म्हणाली. "सत्तावीस. सत्तावीस लिही."